लिनक्सवर कोसळलेला प्रोग्राम स्क्रिप्टने आपोआप कसा सुरू करावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना अडत दुकानातला बिलिंगचा प्रोग्राम बंद पडला, की शेतकऱ्याच्या पट्टीपासून हमालीपर्यंत सगळेच खोळंबते. कॉम्प्युटरवर लिनक्स असेल तर प्रोग्राम पुन्हा उठवण्याचे काम पंधरा-वीस ओळींच्या बॅश स्क्रिप्टकडे, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेल्या फाइलकडे, देता येते.

बरेच जण यासाठी क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय, लावतात: दर मिनिटाला बघायचे, प्रोग्राम चालू नसेल तर सुरू करायचा. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रामसाठी हा मार्ग धरू नका. क्रॉनला तुमचा स्क्रीन कोणता हे सांगितलेले नसते, त्यामुळे विंडो उघडतच नाही. ते जमवले तरी प्रोग्राम कोसळला की तुम्हीच बंद केला, यातला फरक त्याला कळत नाही.

त्यापेक्षा स्क्रिप्टनेच प्रोग्राम सुरू करावा आणि तो संपेपर्यंत थांबावे. टर्मिनलमध्ये 'विच' लिहून पुढे प्रोग्रामचे नाव दिले की त्याचा पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, मिळतो. नव्या टेक्स्ट फाइलच्या पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह देऊन त्यापुढे बॅशचा पाथ लिहा आणि खाली कायम फिरत राहणारा व्हाइल लूप सुरू करा. लूपमध्ये प्रोग्रामचा पाथ लिहा, शेवटी अँपरसँड लावू नका. लावला तर स्क्रिप्ट न थांबता पुढे जाते. लगेच पुढच्या ओळीत डॉलर-प्रश्नचिन्हातला एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम कसा संपला हे सांगणारा आकडा, व्हेरिएबलमध्ये साठवा. मध्ये साधी 'इको' कमांड आली तरी तो कोड पुसला जातो. इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

कोड 0 असेल तर प्रोग्राम नीट बंद झाला आहे, 'ब्रेक' करून लूपमधून बाहेर पडा. 128 च्या वरचा कोड म्हणजे बहुधा सिग्नलने, म्हणजे सिस्टिमकडून आलेल्या सूचनेने, मेलेला प्रोग्राम: 139 म्हणजे 128 अधिक 11, सेगमेंटेशन फॉल्ट (प्रोग्रामने चुकीच्या मेमरीला हात लावला). 137 दिसला तर मेमरी संपल्याने कर्नलनेच (लिनक्सच्या गाभ्यानेच) तो मारला असण्याची शक्यता मोठी; तिथे रॅम किंवा स्वॅप वाढवल्याशिवाय स्क्रिप्टचा उपयोग नाही. तारीख, वेळ आणि कोड लॉग फाइलमध्ये लिहा, पण दोन 'ग्रेटर दॅन' चिन्हे वापरा. एकच दिले तर आधीच्या नोंदी जातात.

मग 'स्लीप 5'. ही विश्रांती नसेल तर सुरू होताच कोसळणारा प्रोग्राम सेकंदाला अनेकदा सुरू होत राहतो आणि जुने मशीन गुदमरते. इंग्रजी कॅपिटल अक्षरांतले 'सेकंड्स' हे सेकंद मोजणारे बॅशचे व्हेरिएबल प्रोग्राम सुरू करण्याआधी दर वेळी शून्य करा. सुरू झाल्यावर तीस सेकंदांच्या आत कोसळणे असे सलग पाच वेळा झाले तर स्क्रिप्ट थांबू द्या. अशा वेळी बिघाड बहुधा सेटिंगमध्ये किंवा डेटा फाइलमध्ये असतो आणि पुन्हा पुन्हा सुरू केल्याने ती फाइल आणखी बिघडू शकते.

काही प्रोग्राम सुरू होताच स्वतःला बॅकग्राउंडला टाकतात आणि लगेच 0 परत करतात. स्क्रिप्ट क्षणात संपली तर प्रोग्रामच्या मदतीत फोरग्राउंडचा पर्याय शोधा.

फाइलला 'सीएचमॉड' कमांडने चालवण्याची परवानगी द्या आणि स्क्रिप्ट टर्मिनलमधून चालवा. दुसऱ्या टर्मिनलमधून 'पीकिल' कमांडने प्रोग्रामला 11 नंबरचा सिग्नल पाठवा. पाच सेकंदांनी विंडो परत आली आणि लॉगमध्ये 139 दिसला, तर 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स'मध्ये मूळ प्रोग्रामऐवजी या स्क्रिप्टचा पाथ टाका. ही चाचणी सौदे संपल्यावर, डेटाचा बॅकअप घेऊनच करा.