मिश्र जंगल मोजायचं कसं, आणि मोजून झाल्यावर करायचं काय

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर विदर्भातल्या शेकडो ग्रामसभांच्या हाती जंगल आलं. हक्कासोबत व्यवस्थापन आराखडा करायची जबाबदारीही आली, आणि बऱ्याच आराखड्यांची सुरुवात एकाच वाक्याने होते: 'आमच्या जंगलात हेक्टरी इतकी झाडं आहेत.'

आपल्याकडच्या मिश्र पानगळीच्या जंगलात या आकड्याचा काही उपयोग नाही. साग, येन, धावडा, बिजा, मोह, तेंदू, चार (चारोळीचं झाड), लेंडिया, गराडी सगळं एकाच जागी असतं. अडीच मीटर घेराच्या एका मोहाशेजारी मनगटाएवढे बारा साग असतात आणि खाली बांबूची बेटं. तिथे 'सरासरी झाड' नावाचं काही नसतंच. मोजायचं ते जातवार आणि घेरवार. तसा तक्ता केला की त्यातला रिकामा खाना सांगतो कुठे हात घालायचा आणि कुठे नाही.

प्लॉट किती आणि कुठे

अख्खं जंगल मोजायची गरज नाही. २०० हेक्टरसाठी ०.१ हेक्टरचे ४० प्लॉट, म्हणजे मोजणीचे चौकोन, घेतले तर २ टक्के क्षेत्र मोजलं जातं, आणि पहिल्या आराखड्याला तेवढं पुरतं. ४० प्लॉट म्हणजे दर ५ हेक्टरला एक. नकाशावर २२४ मीटर अंतराच्या उभ्याआडव्या रेषा मारा आणि जिथे त्या छेदतात तिथे प्लॉटचा मध्य धरा. मोबाइलच्या जीपीएसवर तो बिंदू टाकून चालत जा. झाडोऱ्याखाली पाच-दहा मीटरची चूक होतेच, म्हणून आकडा पहिल्यांदा जुळला की तिथेच थांबून खुंटी ठोका. पुढेमागे सरकत 'बरोबर जागा' शोधत बसू नका.

सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. बिंदू रायमुनियाच्या (घाणेरीच्या) गचपणात किंवा नाल्याच्या उतारावर पडला की टोळी नकळत वीस पावलं बाजूला, सागाच्या मोकळ्या सावलीत खुंटी ठोकते. असं पाच-सहा प्लॉटमध्ये झालं की कागदावरचं जंगल खऱ्यापेक्षा चांगलं दिसू लागतं. बिंदू जिथे पडला तिथेच प्लॉट. अगदी पोचताच येत नसेल तर तसं लिहा, पण जागा बदलू नका.

मोजायला नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. गवत बसलेलं असतं आणि पानं अजून झाडावर असतात, त्यामुळे जात ओळखता येते. फेब्रुवारीनंतर निष्पर्ण झाडांची ओळख फक्त सालीवर येते आणि नवख्याचा लेंडिया-धावड्यात घोळ होतो. वाघाचा वावर असलेल्या भागात टोळी पाच जणांची हवी. उजाडल्यावर निघायचं, दुपारी चारच्या आत बाहेर. दोघं टेप धरतील, एक घेर मोजेल, एक जात सांगेल, एक लिहील. जात सांगायला गावातलं जाणतं माणूस घ्या. मात्र एका जातीला रजिस्टरमध्ये एकच नाव ठेवा. एका टोळीने 'ऐन' आणि दुसरीने 'येन' लिहिलं तर तक्त्यात दोन जाती होतात.

प्लॉट आखणं

०.१ हेक्टरचा चौरस म्हणजे ३१.६२ मीटरची बाजू. कोपऱ्यापासून सुरू करून काटकोन काढत बसण्यापेक्षा मध्यापासून आखणं सोपं. होकायंत्राने ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य आणि वायव्य या चार दिशांना प्रत्येकी २२.३६ मीटर मोजून खुंट्या ठोका. मग एक बाजू मोजून पाहा. ती ३१.६२ पेक्षा ३० सेंटीमीटरहून जास्त चुकत असेल तर कोणती तरी दिशा चुकली आहे. त्यासाठी टेप ५० मीटरचा घ्या, कारण ३० मीटरचा बाजूला दीड मीटर कमी पडतो. नायलॉनची दोरी वापरू नका, ती ताणली जाते.

अंतर नेहमी आडव्या पातळीत धरायचं. उतारावर टेप जमिनीला टेकवून मोजला तर प्लॉट लहान होतो. २० अंशांच्या उतारावर उताराच्या दिशेने प्रत्येक मीटरमागे सहा सेंटीमीटर कमी पडतात. टेप आडवा, ताणून, पाच-पाच मीटरच्या टप्प्यांनी धरा.

हद्दीवरच्या झाडाच्या बुंध्याचा मध्य आत असेल तर ते आत. मध्य बरोबर रेषेवर असेल तर उत्तर आणि पूर्व बाजूचं धरा, दक्षिण आणि पश्चिमेचं सोडा. हा नियम आधी ठरवला नाही तर मोठं झाड प्रत्येक वेळी आतच धरलं जातं.

घेर

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. त्या उंचीची काठी कापून आणा, पालापाचोळा बाजूला सारून ती जमिनीला टेकवा. उतारावर वरच्या बाजूला उभं राहून उंची धरा. झाड कललं असेल तर खोडाच्या कलाबरोबर. १.३७ च्या खाली दोन फांद्या फुटल्या तर दोन खोडं, वर फुटल्या तर एक. जागेवर गाठ किंवा फुगवटा असेल तर वर जिथे खोड सरळ होतं तिथे मोजा आणि ती उंची लिहा. वाळवीची माती हाताने झाडा, वेल उचलून टेप खालून घाला. खुटाचे फुटवे वेगवेगळे मोजायचे, पण त्यांना एकच खुणाक्षर द्यायचं. नाहीतर एका बुडख्याचे चार फुटवे चार स्वतंत्र झाडं म्हणून नोंदले जातात.

शिंप्याचा टेप दीड मीटरचाच असतो, जुन्या मोहाला पुरत नाही. तीन मीटरचा फायबर टेप घ्या. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि पेन्सिलीनेच लिहायचं, दवाने पेनाची शाई फुटते. संध्याकाळी रजिस्टर चाळा. बहुतेक घेर ० किंवा ५ वर संपत असतील तर टेप न वाचता अंदाजाने आकडे सांगितले गेले आहेत. दहातला एक प्लॉट दुसऱ्या टोळीकडून पुन्हा मोजून घ्या.

३० सेंटीमीटर आणि त्यावरच्या घेराची सगळी झाडं मोजा. वाळकी उभी झाडं आणि ढोली असलेली झाडं वेगळ्या खुणेने नोंदा. जिवंत मोठ्या झाडाइतकीच त्यांचीही किंमत आहे: घुबडं, पोपट, मधमाश्या आणि मेळघाटातला वनपिंगळाही ढोलीवरच जगतो.

खालची पिढी

ईशान्य आणि नैर्ऋत्य कोपऱ्यांत ५ बाय ५ मीटरचे दोन चौकोन आखा. त्यांत १० ते ३० सेंटीमीटर घेराची पोरसवदा झाडं मोजा. दोन्ही मिळून ५० चौरस मीटर होतात, म्हणून एक झाड म्हणजे हेक्टरी २००. त्याच कोपऱ्यांत २ बाय २ मीटरमध्ये त्याहून लहान रोपं मोजा. तिथे एक रोप म्हणजे हेक्टरी १,२५०.

रोपाची उंची फसवते. कोरड्या जंगलात रोप उन्हाळ्यात किंवा वणव्यात वरून मरतं, पावसात पुन्हा फुटतं. गुडघ्याएवढं रोप एका वर्षाचं असेल किंवा कित्येक वर्षांचं. म्हणून जमिनीलगतची जाडी पाहा. तर्जनीएवढं जाड असेल तर मूळ धरलंय, आग आणि चराई थांबली तर ते वर येईल. तेंदूची रोपं भरपूर दिसतात, पण त्यांतले बरेच मुळांचे फुटवे असतात. माती थोडी उकरली की कळतं. दोन्ही वेगळे लिहा.

तक्ता वाचणं

झाडांची संख्या आणि बुंध्यांनी व्यापलेली जागा, म्हणजे बेसल एरिया, दोन्ही काढा. घेराचा वर्ग भागिले १२.५७ केलं की चौरस सेंटीमीटर येतात. १०० सेंटीमीटर घेराचं झाड ७९६ चौरस सेंटीमीटर, म्हणजे जवळपास ०.०८ चौरस मीटर.

समजा २० प्लॉट झाले, म्हणजे २ हेक्टर. सागाचे आकडे असे आले: ३० ते ६० घेरात ३१०, ६० ते ९० मध्ये ९६, ९० ते १२० मध्ये २२, त्यावर ४. मोहाचे त्याच क्रमाने २, ३, ५, मग १२० ते १५० मध्ये ९ आणि त्यावर १४. हेक्टरी साग २१६ आणि मोह जेमतेम साडेसोळा, म्हणजे तेरा सागांमागे एक मोह. पण गटाचा मध्य (मोहाच्या सगळ्यात वरच्या, उघड्या गटासाठी १८० सेंटीमीटर) धरून बेसल एरिया काढला तर साग हेक्टरी ५.९ चौरस मीटर आणि मोह सुमारे २.८. जागा, सावली आणि फुलांच्या हिशेबात मोह सागाच्या निम्मा आहे. नुसती झाडं मोजणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

आता उभा क्रम पाहा. वेगवेगळ्या वयाच्या जंगलात लहान झाडं खूप आणि मोठी थोडी असतात, आणि एका गटातून पुढच्या गटात जाताना संख्या साधारण ठरावीक पटीने घटते. १८९८ मध्ये द लिओकूर या फ्रेंच वनपालाने हे मांडलं. वरच्या सागात ही पट ३.२, मग ४.४, मग ५.५ अशी वाढत जाते. मोठी झाडं अपेक्षेपेक्षा लवकर गायब होतात, म्हणजे तोड तिथे झाली आहे. मोहाचा क्रम तर उलटाच: म्हातारे भरपूर, तरुण नाहीत. आजची फुलांची भरघोस वेचणी याच म्हाताऱ्यांवर उभी आहे, त्यांच्या मागे कोणी नाही. मात्र हे एकेका जातीचं चित्र आहे. सगळ्या जाती एकत्र केल्या तर सागाची बारकी गर्दी मोहाचा रिकामा खाना झाकून टाकते आणि एकूण क्रम अगदी निरोगी दिसतो.

काय करायचं

आधी कायदा. बांबू, तेंदूपान, मोह, डिंक, मध हे गौण वनोपज आहे, त्यावर हक्क आहे. इमारती लाकूड त्यात येत नाही. म्हणून 'जास्तीचा साग काढून टाकू' हा पर्याय आराखड्यात धरू नका. आग, चराई, वेचणीची पद्धत, बांबूची तोड आणि रायमुनिया या पाच गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि जंगलाचा आकार बदलायला त्या पुरेशा आहेत.

मोहासाठी पहिली गोष्ट म्हणजे झाडाखाली जाळणं बंद. मार्चमध्ये फुलं दिसावीत म्हणून पाला पेटवतात, त्यात त्या वर्षीची सगळी रोपं जातात आणि आग पुढे पसरते ती वेगळीच. पाला झाडून बाजूला सारा किंवा झाडाखाली हिरवी जाळी, जुनी लुगडी अंथरा. दर दहा झाडांतल्या दोन-तीन झाडांच्या टोळी, म्हणजे मोहाची फळं, वेचू नका. बी टोचायचं असेल तर ताजं असतानाच, पहिल्या पावसाबरोबर. मोहाचं बी साठवून टिकत नाही, पुढच्या वर्षी ते उगवणारच नाही. आईच्या दाट सावलीत टोचू नका. झाडोऱ्याच्या फटीत, काटेरी झुडपाच्या आडोशाने, दोन-तीन सेंटीमीटर खोल, एका जागी दोन बिया. गुरं येत असतील तर काट्यांचं कुंपण हवंच.

बांबूचं बेट मोजताना तीन गट करा: यंदाचे वास्ते (नवे कोंब), एक-दोन वर्षांचे, आणि जुने. कोवळ्या बांबूवर कोष चिकटलेले असतात आणि पांढरी भुकटी दिसते; जुना पिवळसर आणि कोरडा. दहापेक्षा कमी बांबू असलेल्या बेटाला हात लावू नका. यंदाचे आणि गेल्या वर्षीचे सगळे ठेवा, शिवाय जुन्यांतले निदान आठ, बेटभर विखरून. तेच नव्या वास्त्यांना आधार देतात. जमिनीपासून १५ ते ४५ सेंटीमीटरच्या मध्ये, पेराच्या लगेच वर कापा. खोलगट पेला राहिला तर पाणी साचून कुजतं. बाहेरून सोपे तेवढे कापत गेलं तर नवी वाढ मारली जाते आणि आत जुन्यांची गुंतागुंत वाढते. म्हणून एका बाजूने वाट काढून आत शिरा, तोड घोड्याच्या नालेसारखी करा. पावसाळ्यात तोड नाही, कंद खणणं कधीच नाही. तीन-चार वर्षांनी त्याच बेटाकडे परत या. बांबू फुलून वाळला तर तो भाग कंपार्टमेंटभर (वनखात्याच्या नकाशावरचा तो अख्खा तुकडा) चराईला बंद करा आणि वाळका माल आगीआधी काढा. खाली उगवलेलं बी पुढची काही वर्षं गवतासारखंच दिसतं, आणि गुरांनाही ते गवतच वाटतं.

रायमुनिया वरून कापली तर दुप्पट फुटते. माती ओली असताना, फळं पिकायच्या आधी, मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर कुदळीने तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे मूळ पुन्हा मातीला लागत नाही. सुरुवात गचपणाच्या मध्यातून नको. चांगल्या जंगलाच्या कडेची विरळ झुडपं आधी काढा, कारण तिथे खाली रोपं तयार असतात आणि मोकळी जागा तीच घेतात. पक्षी बसतात त्या झाडांखाली नवी रोपं येतच राहतात, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं त्याच भागात परत जाऊन उपटा. पुढच्या वर्षांची मजुरी ठरलेली नसेल तर तेवढं क्षेत्र यंदा हातीच घेऊ नका.

राज्यात आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग लावणं हे जंगलातल्या रिकाम्या खान्यांचं मोठं कारण आहे. खुटकटाईने, म्हणजे झुडपं जमिनीलगत छाटून, तीच पालवी मिळते. जाळरेषा, म्हणजे आग अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्या, जानेवारीअखेर साफ झाल्या पाहिजेत.

पुन्हा मोजणी

चाळीसपैकी दहा प्लॉट कायमचे ठेवा. घेर मोजला तिथे रंगाचा बारीक पट्टा ओढा. नंबराची पत्री ठोकायची तर अॅल्युमिनियमच्या खिळ्याने आणि पट्ट्याच्या बरीच खाली, नाहीतर खिळ्याभोवती साल फुगून पुढचा घेर चुकतो. रंग दिसला की कामावरची माणसं त्या झाडांना जपतात आणि मग प्लॉट बाकीच्या जंगलासारखा राहत नाही. म्हणून पट्टा छोटा ठेवा आणि प्लॉटच्या आतही बाहेरच्यासारखीच वेचणी-तोड होऊ द्या. पाच वर्षांनी त्याच महिन्यात मोजा. उन्हाळ्यात खोड पाणी गमावून थोडं आकसतं, त्यामुळे डिसेंबरचा घेर मेमधल्या घेराशी ताडला तर झाडं बारीक झालेली दिसतील. पोरसवदा झाडांच्या आणि रोपांच्या चौकोनांना मात्र पाच वर्षं थांबू नका, ते दर दोन वर्षांनी पाहा. मोहाच्या पहिल्या खान्यात काही पडतंय का, हे तिथेच आधी कळेल.