सुई टोचताना मुलांसाठी व्हीआर हेडसेट कसा वापरावा

रक्ताचा नमुना घेणे, सलाईनसाठी सुई लावणे, टाके काढणे किंवा भाजलेल्या जखमेचे ड्रेसिंग बदलणे ही वॉर्डातील रोजची कामे आहेत. परंतु चार जणांनी हातपाय धरून ठेवलेल्या मुलासाठी त्यांपैकी एकही काम किरकोळ नसते, आणि एकदा बसलेली धास्ती पुढच्या प्रत्येक खेपेला दवाखान्याच्या दारातच रडू आणते. ही धास्ती कमी करण्यासाठी व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजेच व्हीआरचा, हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा, आभासी जग दाखवणारा मोठा चष्मा) चांगला उपयोगी पडतो. मात्र तो बधिर करणाऱ्या मलमाला पर्याय नाही, आणि मुलाच्या नकळत सुई टोचण्याची युक्ती तर मुळीच नाही, हे पक्के ठरवूनच तो हातात घ्यावा.

या पद्धतीचा पाया अमेरिकेतील सिॲटल येथे घातला गेला. वॉशिंग्टन विद्यापीठातील हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९०च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी व्हीआर वापरायला सुरुवात केली आणि पुढे बर्फाच्या दरीचे एक आभासी जग वापरात आणले. त्या दरीतून तरंगत जाताना रुग्णाने हिममानवांवर आणि पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकायचे. वेदना जाणवायलाही लक्ष लागते. ते दुसरीकडे गुंतले की टोचणी तीच असली तरी तिचा त्रास कमी वाटतो. तरीही २०२० साली कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेने, व्हीआरच्या १७ चाचण्यांतील १००८ मुलांची माहिती एकत्र तपासली तेव्हा उपलब्ध पुरावा कमी खात्रीचा असल्याचेच नमूद केले. म्हणून ‘अजिबात दुखणार नाही’ असे वचन पालकांनाही देऊ नये.

प्रथम मूल योग्य आहे का ते पाहावे. मिरगी किंवा झटक्यांचा इतिहास, डोक्याला नुकताच लागलेला मार, चालू असलेली उलटी वा चक्कर, डोळे आलेले असणे, चेहऱ्यावर जखम असणे, यांपैकी काहीही असल्यास हेडसेट बाजूला ठेवावा. उत्पादकाने सांगितलेली वयोमर्यादाही तपासावी. घरगुती वापराच्या अनेक हेडसेटवर ती १० किंवा त्याहून अधिक वर्षांची असते, त्यामुळे लहान मुलांसाठी रुग्णालयीन वापराकरिता बनवलेले उपकरण घेणे बरे. तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर अर्धा किलोचे यंत्र चढवण्याचा आग्रह व्यर्थ आहे. त्याच्यासाठी आईची मांडी आणि साबणाचे फुगे अधिक कामाचे ठरतात.

पूर्वतयारी एक तास आधी सुरू होते, कारण लिग्नोकेन आणि प्रिलोकेन या बधिर करणाऱ्या औषधांचे मलम जाड थरात लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवल्यावर परिणामासाठी साधारण ६० मिनिटे द्यावी लागतात. या वेळात हेडसेट चार्ज आहे का, कार्यक्रम इंटरनेटशिवाय चालतो का आणि मुलाला दिसणारे दृश्य आपल्याला मोबाईलवर दिसते का, याची खात्री करावी. खेळ निवडताना उठून चालायला, हात हलवायला किंवा झटकन मागे वळायला लावणारे सर्व खेळ वगळावेत. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर कोपर हलते, आणि मोठ्या कष्टाने सापडलेली शीर हातची जाते. नुसत्या नजरेने नेम धरायचा संथ खेळ सर्वांत सोयीचा.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असून घाईच्या ओपीडीत नेमका तोच गाळला जातो, तो म्हणजे मुलाला खरे सांगणे. सुरुवातीच्या काळात आम्ही एका सात वर्षांच्या मुलाला ‘फक्त गंमत बघ’ एवढेच सांगून हेडसेट लावला आणि तो माशांमागे रमलेला असताना सुई टोचली. सुई पहिल्याच प्रयत्नात लागली, सगळे खूश झाले. पण पुढच्या वेळी तो हेडसेट पाहताच मुलाने दोन्ही हात पाठीमागे लपवले. चूक पूर्णपणे आमची होती. आता आम्ही सांगतो, “आधी थंड कापूस लागेल, मग एकदा टोचेल. तुझा हा हात स्टॅच्यू, दुसरा हात मोकळा. नको वाटलं तर चष्मा तू स्वतः काढायचा.” काही मुलांना सुई डोळ्यांनी पाहिल्याशिवाय धीरच येत नाही, त्यांना पाहू द्यावे.

मुलाला शक्यतो बसवावे, हात उशीवर ठेवावा आणि कोपराखाली सहकाऱ्याचा तळहात असावा. हेडसेटचा पट्टा मुलाला स्वतः घट्ट करू द्यावा. खेळ सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटे काहीच करू नये. मूल बोलायचे थांबले, श्वास संथ झाला, की मगच शीर फुगवण्यासाठी हाताला पट्टा बांधावा. आवाज इतकाच ठेवावा की आईचे बोलणे ऐकू येईल, आणि बोलणारी व्यक्ती एकच असावी. न सांगता स्पर्श करू नये, कारण डोळे झाकलेले असताना साधा थंड बोळाही दचकवतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी वापरलेल्या कार्यक्रमात या स्पर्शांनाच कथेत घेतले होते: हात पुसताना लाट अंगावरून जाते आणि सुई टोचते तेव्हा मासे हाताला चावे घेतात. तसा कार्यक्रम नसला तरी “आता गार पाणी येतंय, आता टोचेल” असे म्हणणारा माणूस तेच काम करतो.

पहिल्या प्रयत्नात शीर मिळाली नाही तर खेळाच्या आडून सुई फिरवत बसू नये. थांबावे, मुलाला सांगावे आणि पुन्हा विचारावे.

चिकटपट्टी लावून झाल्यावर हेडसेट लगेच ओढून न काढता चालू फेरी संपू द्यावी, नंतर मुलाला मिनिटभर बसवून ठेवावे आणि चक्कर किंवा मळमळ आहे का ते विचारावे. ० ते १० अंकांच्या चेहऱ्यांच्या चित्रांवर किती दुखले ते मुलालाच दाखवायला सांगून तो अंक, निवडलेला खेळ आणि हेडसेट मध्येच काढला का, हे केसपेपरवर लिहावे. ही नोंद पुढच्या खेपेच्या सिस्टरना उपयोगी पडते. चेहऱ्याला लागणारे कागदी आवरण प्रत्येक मुलामागे फेकावे, बाहेरचा भाग आणि पट्टा निर्जंतुक पुसणीने पुसावा, काचा मात्र कोरड्या मऊ कापडानेच पुसाव्यात; स्पिरिटने त्या धुरकट होतात, आणि मग पुढचे मूल “काही दिसत नाही” म्हणून हेडसेट काढून टाकते.