इरुंगाट्टुकोट्टाईची बाइक शर्यत: कोल्हापूरहून जाण्याचा आराखडा

बाइकच्या शर्यतीला जायचे ठरले की आपल्याकडे पहिली चर्चा रस्त्याची होते: किती वाजता निघायचे, जेवायला कुठे थांबायचे, बरोबर कोण कोण येणार. रजेचा विषय सर्वांत शेवटी निघतो, आणि मग शनिवारी रात्री निघून रविवारी दुपारपर्यंत कसेबसे ट्रॅकवर पोहोचण्याचा बेत ठरतो. असा बेत मुळातच रद्द करावा. रेसिंग वीकेंड शुक्रवारी सकाळच्या सरावापासून सुरू होतो, म्हणून शुक्रवारी सकाळी ट्रॅकवर हजर राहायचे हे आधी पक्के करावे आणि तिथून एकेक दिवस मागे मोजत मुक्काम, प्रवास आणि रजा ठरवावी.

कोणती शर्यत पाहायची हा त्याआधीचा प्रश्न. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा गो-कार्टिंग ट्रॅक आहे आणि कृष्णराज महाडिक, ध्रुव मोहिते यांच्यासारखे कोल्हापूरचे चालक फॉर्म्युला गाड्यांच्या शर्यतीत उतरलेले आहेत, त्यामुळे या खेळाची ओळख इथे नव्याने करून द्यावी लागत नाही. दुचाकींची राष्ट्रीय सर्किट शर्यत पाहण्यासाठी मात्र दक्षिणेची वाट धरावी लागते. चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टाई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७१७ किलोमीटर लांबीचा ट्रॅक आहे. १९९० मध्ये तो सुरू होण्यापूर्वी या क्लबच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर होत असत. राष्ट्रीय मोटरसायकल रेसिंग स्पर्धेचे बहुतेक राउंड, म्हणजे टप्पे, इथेच भरतात, काही वेळा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरही होतात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी ही दुचाकींची जागतिक स्पर्धा झाली आणि मार्को बेझेकीने ती जिंकली, परंतु त्यानंतरच्या दोन वर्षांत ती भारतात परतली नाही. मोटोजीपीच पाहायची असेल तर मलेशियातील सेपांग हे सोयीचे ठिकाण आहे, कारण ते क्वालालंपूरच्या विमानतळाला लागूनच आहे. थायलंडचे बुरीराम बँकॉकपासून बरेच आत असल्याने तिथे प्रवासाचा एक टप्पा वाढतो. मातीवरच्या उड्या पाहण्याची हौस असेल तर पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस झालेले आहे, पण तो खेळ वेगळा आणि त्यासाठी एवढ्या तयारीची गरजही नाही. पहिल्या खेपेला इरुंगाट्टुकोट्टाईच निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे. खर्च आवाक्यात राहतो, गर्दी बेताची असते आणि चालक अगदी जवळून दिसतात.

राष्ट्रीय स्पर्धेचे वेळापत्रक एफएमएससीआय ही या खेळाची मध्यवर्ती संघटना आणि आयोजक क्लब जाहीर करतात. हंगाम साधारणपणे पावसाळ्याच्या सुरुवातीला उघडतो. तारखा पुढे-मागे होत असतात, म्हणून कॅलेंडर आल्याबरोबर तिकिटे काढावीत, परंतु परत न मिळणारे पैसे कुठेही अडकवू नयेत. प्रवेशिका, पार्किंग आणि प्रेक्षकांसाठी खुली असलेली दालने यांविषयी आयोजकांची सूचना शर्यतीच्या आठवड्यात येते, ती नीट वाचावी. राउंड निवडताना हवामानाचा विचार दोन टोकांनी करावा लागतो. जून ते सप्टेंबर चेन्नईकडे ऊन आणि घाम असतो, मधूनच संध्याकाळी वळवासारखी सर कोसळते. खरा जोराचा पाऊस तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. आपल्याकडे नेमके उलटे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये निघायचे असेल तर पंचगंगेइतकेच वेदगंगेकडेही लक्ष ठेवावे, कारण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णी येथे पाणी महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली होती. शिरोलीकडचा रस्ता बंद झाला तरी दक्षिणेला जाणाऱ्याचे अडत नाही. यमगर्णी बंद झाली की अडते.

आता रस्ता. या प्रवासातली सुखद गोष्ट अशी की कोल्हापूरच्या अंगावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळुरू, कृष्णगिरी आणि वेल्लोर करत थेट इरुंगाट्टुकोट्टाईच्या दारातून चेन्नईला पोहोचतो. बंगळुरूपर्यंत सहाशे किलोमीटरहून थोडे जास्त आणि पुढे सुमारे तीनशे, असे एकूण नऊशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. स्वतःच्या बाइकवर जाणाऱ्याने हे दोन दिवसांत विभागावे, म्हणजे बुधवारी पहाटे निघावे आणि गुरुवारी अंधार पडण्याआधी ट्रॅकजवळचे श्रीपेरंबुदूर गाठावे. पहिला मुक्काम चित्रदुर्गला केला तर पहिल्या दिवशी चारशे आणि दुसऱ्या दिवशी पाचशे किलोमीटर पडतात. तुमकूरपर्यंत रेटले तर दुसरा दिवस हलका होतो, पण पहिल्या दिवशीच अंग आंबून जाते. मी चित्रदुर्गच सुचवेन. तिथून भल्या सकाळी निघाले की बंगळुरूची सकाळची गर्दी ओसरत असताना तुमकूर रस्त्याने शहराच्या वेशीवर पोहोचता येते आणि शहरात न शिरता नाइस रोडने होसूर रस्त्याला लागता येते. नाइस रोडवर रात्री दुचाकींना बंदी असते, ही बाब उशिरा पोहोचणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवावी. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. नाइस रोडवर मात्र द्यावा लागतो.

निपाणीपुढचा तवंदी घाट लहान असला तरी पावसात तिथे मालट्रकांच्या मागे घाई करू नये. हुबळी-धारवाड बायपास अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे ओव्हरटेकचा विचारच मनात आणू नये. रात्री बाइक चालवायची नाही हा नियम गटातील सर्वांनी निघण्यापूर्वीच मान्य करावा, कारण वाटेत असा नियम कोणी मान्य करत नाही.

गाडीची तयारी आठवडाभर आधी करावी, आदल्या दिवशी नव्हे. उद्यमनगरात किंवा आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गाडी देऊन ऑइल, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट, टायर आणि क्लचची केबल तपासून घ्यावी आणि त्यानंतर शंभरेक किलोमीटर, पन्हाळ्यापर्यंत जाऊन-येऊन, गाडी चालवून पाहावी. नुकत्याच उघडलेल्या गाडीत काही सैल राहिले असेल तर ते याच फेरीत उघडे पडते. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची जादा केबल, पंक्चरचे साहित्य, चेनला लावण्याचा ल्यूब आणि दोन पाने एवढे बरोबर असावे. चेन दर पाचशे किलोमीटरला पुसून ल्यूब करावी, म्हणजे जाताना एकदा आणि ट्रॅकवर पोहोचल्यावर एकदा. आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी छायाप्रती जवळ बाळगाव्यात. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. कोल्हापुरात चालून जाते म्हणून कर्नाटक-तामिळनाडूत चालेल असे समजू नये. पेट्रोलचा हिशेब सोपा आहे: जाणे-येणे आणि तिथले फिरणे धरून १९०० किलोमीटर आणि लिटरला ३५ किलोमीटरची सरासरी धरली तर ५४ ते ५५ लिटर लागतात. दोघे एका गाडीवर असतील तर सरासरी कमी धरावी.

रजा कमी असणाऱ्यांसाठी रेल्वे बरी. कोल्हापूरहून सुटणारी हरिप्रिया एक्सप्रेस आपल्याला बालाजीच्या दर्शनासाठी माहीत आहे. तीच गाडी या कामी येते. ती दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपतीला पोहोचवते आणि तिथून तिरुत्तणी-तिरुवल्लूर मार्गे श्रीपेरंबुदूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. चौघे मिळून टॅक्सी केली तर तीनेक तासांत पोहोचता येते. बुधवारची गाडी घेतली तर गुरुवारी दुपारी मुक्कामी पोहोचून विश्रांती मिळते. गुरुवारची घेतली तर शुक्रवारचा निम्मा सराव हुकतो. घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर नेऊन त्यांना तिरुपतीत दर्शनासाठी ठेवले तर शर्यतीच्या रजेला घरून होणारा विरोध बराच मावळतो, अर्थात दर्शनाचे आणि राहण्याचे आरक्षण वेगळे आणि आधी करावे लागते. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी खुले होते आणि हरिप्रियेला यात्रेकरूंची गर्दी बारमाही असते, तेव्हा तत्काळच्या भरवशावर राहू नये. दुसरा पर्याय म्हणजे मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बंगळुरू आणि पुढे रेल्वेने किंवा बसने चेन्नई. उजळाईवाडीहून विमानाने बंगळुरूला जाता येते, पण त्या वेळा बदलत असतात. जोडविमान घेताना दोन्हींत भरपूर अंतर ठेवावे.

मुक्काम चेन्नई शहरात करू नये. ट्रॅक शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटर बाहेर, ह्युंदाईच्या कारखान्याच्या औद्योगिक पट्ट्यात आहे आणि पूनमल्लीपर्यंतची वाहतूक सकाळी जीव नकोसा करते. श्रीपेरंबुदूरमध्ये कारखान्यांच्या पाहुण्यांसाठी उभी राहिलेली मध्यम दर्जाची हॉटेले आहेत. शर्यतीच्या दिवसांत तिथे संघांचे मेकॅनिक आणि अधिकारीही उतरतात, त्यामुळे खोल्या लवकर भरतात. खोली न मिळाल्यास कांचीपुरमकडे पाहावे. खोली घेताना बाइक आवारात आत लावता येईल का, हे फोनवर विचारून घ्यावे. हिंदी सर्वत्र चालत नाही, मोडकेतोडके इंग्रजी आणि हातवारे पुरतात.

ट्रॅकवर सावली आणि पाणी यांचा भरवसा धरू नये. टोपी, पातळ पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, प्रत्येकी निदान तीन लिटर पाणी, आणि बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी व भडंग असे टिकाऊ खाणे असले की दुपारी रांगेत उभे राहावे लागत नाही. फोमचे इअरप्लग औषधाच्या दुकानात मिळतात, ते आवर्जून घ्यावेत. शर्यतीच्या गाड्यांचा आवाज पहिल्या तासात गोड वाटतो आणि संध्याकाळी कानात दडे बसतात. लहान मुले बरोबर असतील तर त्यांच्यासाठी कान झाकणारे मफ घेतल्याशिवाय जाऊच नये.

आता पाहायचे कसे. खासबागेत बसणारा शौकीन पठ्ठा कोणत्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या मैदानात काय झाले हे विचारून मगच कुस्तीकडे वळतो. इथेही तीच रीत ठेवावी. एकाच दिवशी अनेक गटांच्या शर्यती होतात: १६५ सीसीचा प्रो-स्टॉक (बाजारातल्याच गाड्या शर्यतीसाठी सुधारलेल्या), त्याच्या वरचा ३०१ ते ४०० सीसीचा गट, मुलींची शर्यत, टीव्हीएसची वन-मेक (सर्वांना एकाच कंपनीची गाडी असलेली) स्पर्धा, होंडाचा टॅलेंट कप. सगळे लक्षात ठेवण्याच्या फंदात न पडता दोन गट निवडावेत आणि शुक्रवारी त्यांतील पाच-सहा चालकांचे नंबर, हेल्मेटचे रंग आणि संघ वहीत टिपून घ्यावेत. फोनमधील स्टॉपवॉच घेऊन रस्त्याकडेच्या एका ठरलेल्या खुणेवरून पुढचा आणि मागचा चालक जाताना वेळ मोजावी. दर लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक फेरीला, ते अंतर घटते की वाढते हे कळू लागले की समालोचकाची गरज उरत नाही. क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे सुटण्याची जागा ठरवणाऱ्या सत्रात, ज्याची एक लॅप सर्वांत कमी वेळात होते तो पहिल्या जागेवरून सुटतो, म्हणून त्या सत्रात शेवटच्या काही मिनिटांत जागा सोडू नये.

पहिल्या दिवशी मुख्य सरळ पट्ट्यासमोरच्या गॅलरीत बसावे, कारण सुरुवात, पिटमधील (गाड्यांची देखभाल होते त्या जागेतील) धावपळ आणि शेवट तिथून दिसतो. दुसऱ्या दिवशी, प्रेक्षकांना जिथपर्यंत परवानगी असेल तिथे, सरळ पट्ट्यानंतर जोराचा ब्रेक लागतो त्या वळणाकडे जावे. १६५ सीसीच्या गाड्यांची ताकद जवळजवळ सारखी असल्याने पाच-सहा जण एकमेकांच्या मागे दोरीत ओवल्यासारखे येतात. मागचा चालक टाकीवर छाती टेकून, कोपरे आत ओढून पुढच्याच्या हवेच्या आडोशाला राहतो. त्या आडोशात हवेचा विरोध कमी झाल्याने त्याची गाडी तेवढ्याच ताकदीत अधिक वेग धरते, आणि वळण जवळ आले की तो बाजूला निघून ब्रेक किंचित उशिरा लावतो. त्या क्षणी मागचे चाक हलके होऊन डावी-उजवीकडे वळवळते आणि वळणाच्या आतल्या बाजूचा पाय फूटरेस्टवरून सुटून हवेत लोंबतो. एवढे दिसले की तिकिटाचे पैसे वसूल झाले. याच कारणाने शेवटच्या लॅपमध्ये पुढे असणारा चालक नेहमीच फायद्यात असतो असे नाही. कसलेला चालक मुद्दाम दुसरा राहतो. पिवळा झेंडा फडकत असेल तर तिथे ओव्हरटेक करता येत नाही, लाल झेंडा म्हणजे शर्यत थांबली, आणि चौकटींचा झेंडा म्हणजे संपली.

पिटमध्ये आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या आवारात, पासशिवाय जाऊ नये. परवानगी मिळालीच तर टायर बदलणाऱ्या मेकॅनिकशी सत्र सुरू असताना बोलू नये, सत्र संपल्यावर बोलावे. मंडळी मोकळेपणाने सांगतात. पाऊस आला तर सत्रे पुढे ढकलली जातात, तेव्हा रविवारी संध्याकाळचा कोणताही बेत घड्याळावर बांधू नये.

परतीचा प्रवास सोमवारीच सुरू करावा. रेल्वेने जाणाऱ्यांना तिरुपतीहून रविवारी रात्रीची हरिप्रिया गाठण्याचा मोह होतो, परंतु शेवटची शर्यत लांबली तर गाडी चुकते, म्हणून आरक्षण सोमवारचे ठेवावे आणि मधल्या वेळेत कांचीपुरम पाहून घ्यावे. बाइकवाल्यांनी सोमवारी सकाळी टायरची हवा टायर थंड असतानाच तपासावी, चेनचा ताण पाहावा आणि चित्रदुर्गपर्यंतच जावे. तीन दिवस वेग पाहिलेल्या डोळ्यांना महामार्गावरचे शंभर फार संथ वाटतात, त्यामुळे गटातील सर्वांत सावध चालकाला पुढे ठेवावे आणि त्याच्या पुढे कोणी जायचे नाही असे ठरवावे. मंगळवारी दुपारनंतर कोगनोळीचा टोलनाका लागतो; तिथून कागल मार्गे तासाभरात घरी पोहोचता येते.