छाती उघडली की सलाईनचा हात आखडता घ्या

आमच्या परळच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) भूल द्यायला नवा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, आला की मी त्याला पहिल्या दिवशी औषधांचे डोस विचारत नाही. विचारते, "पेशंटचं वजन किती? आणि उद्या सकाळपर्यंत त्याच्या अंगात किती पाणी जास्तीचं राहिलेलं चालेल?" वजन सगळे सांगतात. दुसऱ्या प्रश्नाला गप्प.

हिशेब तसा साधा आहे. फुफ्फुसाच्या ऑपरेशनला पहिल्या २४ तासांत आत गेलेलं वजा बाहेर आलेलं, ही शिल्लक किलोमागे २० मिलीच्या वर जाऊ द्यायची नाही. साठ किलोच्या माणसाला १,२०० मिली. भूल देण्याआधीच हा आकडा चार्टच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहून ठेवा.

एवढी कंजुषी कशासाठी? पावसाळ्यात परळजवळच्या हिंदमाताला पाणी का तुंबतं ते आठवा. पाऊस इतरत्रही तेवढाच पडतो, पण तिथलं पाणी जायला वाट मिळत नाही. इथेही सर्जन लिम्फ नोड्स (लसिकाग्रंथी) काढतात तेव्हा फुफ्फुसातलं पाणी वाहून नेणाऱ्या वाटाच तुटतात. त्यात ते फुफ्फुस तासन्‌तास मिटून पुन्हा फुगलेलं, आणि दुसऱ्याने एकट्याने व्हेंटिलेटरचा मार खाल्लेला. केशवाहिन्या झिरपायला लागतात. एक फुफ्फुस काढलंच असेल तर सगळं रक्त उरलेल्या एकातून जातं.

ऑपरेशन चालू असताना मी आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) ताशी किलोमागे २ मिली धरते, म्हणजे साठ किलोला १२० मिली. सलाईन मोजून देणारा पंप दुसऱ्या टेबलावर गेला असेल (जातोच) तर ड्रिप सेटचं पाकीट वाचा. २० थेंबांना १ मिलीवाला असेल तर मिनिटाला ४० थेंब. हाताशी आहे म्हणून एनएस (नॉर्मल सलाईन) लावू नका, त्यात क्लोराइड लिटरला १५४ मिलिमोल आणि रक्तात शंभराच्या आसपास. 'थर्ड स्पेस'च्या (पाणी अंगातच कुठेतरी मुरून हरवतं या समजाच्या) नावाने जादा पाणी देणं बंद करा. पेशंट सकाळपासून उपाशी आहे म्हणून बाटली चढवण्यापेक्षा त्याला भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी पिऊ द्या, नेहमीच्या पेशंटला चालतं.

खरी चोरी होते ती छोट्या बाटल्यांतून. पॅरासिटामॉल १०० मिलीची बाटली, दिवसाला चार. अँटिबायोटिक १०० मिलीत घालून तीन वेळा. झाले ७०० मिली, आणि चार्टवर कित्येकदा यातला एकही मिली नसतो, कारण 'ते तर औषध आहे'. औषधानंतर नळी धुवायच्या प्रत्येक फ्लशचे १० मिली वेगळेच. म्हणून चार्टवर औषधांच्या पाण्याचा वेगळा रकाना आखा. जे अँटिबायोटिक चालतं ते सिरिंजमध्ये विरघळवून सावकाश द्या, आणि पेशंट गिळायला लागला की पॅरासिटामॉलची गोळी.

बीपी पडलं की हात आपोआप ड्रिपच्या चाकाकडे जातो. थांबा. आधी पडद्यापलीकडे बघा. कितीदा तरी सर्जनचा हात हृदयावर टेकलेला असतो. "सर, हात जरा काढता का?" म्हटलं की बीपी वर. मग सक्शनची बाटली बघा, रक्त किती गेलं ते कळेल. एअरवे प्रेशर (श्वासमार्गातला दाब) बघा. एपिड्युरल (पाठीच्या कण्यापाशी नळीतून दिलेलं बधिरीचं औषध) दिलं असेल तर रक्त कमी झालेलं नसतं, रक्ताच्या नळ्या सैल पडलेल्या असतात. तिथे बीपी वर आणणारं औषध: फेनिलएफ्रिन ५० ते १०० मायक्रोग्रॅम, नाहीतर मेफेंटर्मिन ६ मिलिग्रॅम. छाती उघडी असताना पल्स प्रेशर व्हेरिएशनच्या (श्वासागणिक नाडीचा दाब किती हलतो त्याच्या) आकड्यावर मी तरी विसंबत नाही.

युरीनचं मी अनुभवाने शिकले. रेसिडेंट असताना, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, उजव्या न्युमोनेक्टमीच्या (उजवं फुफ्फुस पूर्ण काढलेल्या) काकांना रात्री ताशी २० मिली युरीन होती. बीपी ठीक, हातपाय गरम. मी ५०० दिलं, पहाटे आणखी ५००. सकाळी राउंडला शाबासकी मिळाली. तिसऱ्या दिवशी धाप, एक्स-रेवर उरलेलं डावं फुफ्फुस पांढरं. काका वॉर्डात परत आले नाहीत. उजवीकडची न्युमोनेक्टमी आणि जास्तीचं पाणी ही जोडी घातक आहे हे झेल्डिन आणि सहकाऱ्यांनी १९८४ सालीच लिहून ठेवलं होतं. आता मी आधी कॅथेटर मुडपला नाही ना ते बघते. बाकी सगळं ठीक असेल तर पहिल्या रात्रीच्या कमी युरीनमागे बाटली घेऊन धावत नाही.

पण कोरडंठाक ठेवणं हाही अतिरेकच, त्याने किडनी बसते. टीबीच्या एम्पायमाचं (छातीत साठलेल्या पुवाचं) डिकॉर्टिकेशन, म्हणजे फुफ्फुसावरचं जाड आवरण सोलून काढणं, तर आपल्याकडे नेहमीचं, आणि त्यात साल सोलल्यासारखं सगळीकडून पाझरतं. तिथे रक्त टिपलेले मॉप (कापडी घड्या) वजनकाट्यावर ठेवा, कोरड्या मॉपचं वजन वजा करा, एक ग्रॅमला एक मिली रक्त धरा. गेलं तेवढं भरा, आणि हिमोग्लोबिन सात-आठच्या खाली चाललं असेल तर रक्तच द्या.

संध्याकाळी नातेवाईक दारात गाठतात, "मॅडम, ताकदीची एक सलाईन लावा ना." मी विचारते, चहा घेतला का त्यांनी? पोटात ठरतोय ना? मग ड्रिप बंद, शिरेतली कॅन्युला तेवढी राहू द्या. आणि रात्रीच्या सिस्टरना हँडओव्हर देताना लाल आकड्याखाली स्वतःच्या हाताने लिहा: १,२०० पैकी उरले ३४०.