नादारीनंतर घर कसं चालवायचं

परभणीच्या कोर्टानं आमच्या मालकांना नादार, म्हणजे कर्ज फेडू न शकणारा दिवाळखोर, ठरवलं, तेव्हा शेजारच्या बाया विचारायच्या, "आता मंगळसूत्रही जाणार का गं?" नाही जात. 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्यात, जप्त न होणारं सामान रिसीव्हरकडे, म्हणजे मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टानं नेमलेल्या माणसाकडे, जात नाही. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, धर्मानं उतरवता न येणारा बाईचा दागिना, कारागिराची हत्यारं. मालक शिंपी, म्हणून शिलाई मशीन घरातच राहिली. बाकी काहीही लपवू नका, कोर्टाला द्यायच्या मालमत्तेच्या यादीत सगळं लिहा.

खरं जपायचं ते उधारीला. मुक्ततेचा, म्हणजे नादारीतून मोकळं करणारा, कोर्टाचा आदेश मिळेपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता नादार माणसानं 50 रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पन्नास रुपयांत आज अर्धा किलो तेलही येत नाही! म्हणून मीही किराणावाल्याला तोंडावर सांगते, "दादा, वहीवर लिहू नका, रोखच देते." शिलाईचे पैसे आले की आधी बाजारातून ज्वारी आणि तूरडाळ, मग पोरांची फी, मग बाकीचं. पैसे कमी पडले तर त्या आठवड्याला डाळीऐवजी पिठलं.

दीर मालकांना ग्रामपंचायतीला उभं राहा म्हणत होते. नादारीतून मुक्तता मिळेपर्यंत तेही जमत नाही.

मुक्ततेच्या अर्जाची कोर्टानं दिलेली मुदत कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याआधीच वकिलांना भेटा. मुदत हुकली तर नादारीच रद्द होऊ शकते, मग घेणेकरी पुन्हा दारात.