मिडी फूटस्विच दाबल्यावर आवाज नक्की किती उशिरा येतो, असं मोजा

मिडी फूटस्विच म्हणजे पायाने दाबून सिंथला (इलेक्ट्रॉनिक वाद्याला) मेसेज पाठवायचं बटण. त्यावर पाय पडला आणि आवाज मागून आला असं वाटत असेल तर अंदाजावर जाऊ नका, मोजून बघा, सोपं आहे. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा) हवा, एकात माइक लावून तो फूटस्विचच्या अगदी जवळ ठेवायचा, दुसऱ्यात हार्डवेअर सिंथचा आउटपुट. पॅच (सिंथमधला आवाज) एकदम कडक अटॅकचा, म्हणजे झटक्यात सुरू होणारा घ्या, वुडब्लॉकसारखा, पॅडचा हळूहळू चढणारा आवाज घेतलात तर सुरुवात कुठे झाली तेच कळणार नाही.

आता ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड लावा आणि स्विच २० वेळा दाबा. वेव्हफॉर्म झूम केला की आधी स्विचचा बारीक 'टक' दिसतो, मग सिंथचं उभं टोक, त्या दोघांमधले सँपल (रेकॉर्डिंगचे बारीक ठिपके) मोजा, ४८ सँपल म्हणजे १ मिलिसेकंद. दोन्ही चॅनल एकाच इंटरफेसमधून येतात म्हणून रेकॉर्डिंगचा स्वतःचा उशीर आपोआप कटतो. फक्त यात सिंथचा वेळही धरलेला असतो हे विसरू नका.

जुन्या ५ पिन मिडी केबलवर नोट ऑनचे ('सूर वाजव' या मेसेजचे) ३ बाइट जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो, त्यामुळे केबलला दोष देऊ नका.

सरासरीपेक्षा मला चढउतार जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण उशीर कायम ८ मिलिसेकंद असेल तर पायाला सवय होते, कधी ३ कधी १५ असेल तर ताल बसतच नाही.

आकडा फारच मोठा आला तर आधी सेटिंग बघा, त्याच स्विचला लाँग प्रेस (दाबून धरल्यावर वेगळं काम) दिलं असेल तर बरेच कंट्रोलर पाय उचलल्यावरच मेसेज पाठवतात.