वादळी पावसानंतर गळ कुठे टाकाल?

रात्रभर पाऊस झोडपून गेला की सकाळी तलावाच्या मध्यावर गळ फेकू नका. नाला तलावाला मिळतो तिथे जा. गढूळ आणि निवळ पाण्याची रेघ दिसेल. गळ तिच्या निवळ बाजूला सोडा. वाहून आलेल्या गांडुळांवर, किड्यांवर मासे तिथेच टपलेले असतात. मरळ मात्र काठच्या बुडालेल्या गवतात शोधा. पिलांचा लालसर थवा वर दिसला, तर खाली मरळ राखण करतेय. तिला सोडाच, मनापासून सांगतो.

कामठीजवळ कन्हानवर जाणार असाल, तर नवेगाव खैरी धरणाचे दरवाजे उघडलेत का ते आधी विचारा. ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कार्बनचा रॉड, म्हणजे गळाची काठी, हातात धरू नका; कार्बनमधून वीज वाहते.